रुमालाखालचा आकडा

माझ्या पायांत जी आग आहे ना, तिला कुणी नळी जोडली असती, तर आख्ख्या शहादा तालुक्याच्या उसाचा रस तिच्यावर आटला असता आणि उरलेल्या धगीवर आमच्या कळसाडी गावच्या बायकांनी भाकरी भाजून घेतल्या असत्या. सुरतेच्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं. ते हसले. आमच्या खानदेशी रोग्यांमुळे त्यांना मराठी येत होतं. म्हणाले, "काका, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आकडा सांगा."

"चौदा," मी म्हणालो.

माझ्या रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवरचं रबर उंदरांनी कुरतडावं तसं आपलंच शरीर आपल्या नसांवरचं आवरण कुरतडतं. माझा आधी एक डोळा अंधुक झाला, मग डावा पाय फरफटू लागला आणि मग ही आग आली. शिवाय छातीला तंग. घोड्याच्या पोटाखालून खोगिराचा पट्टा आवळतात, तो तंग. कुणीतरी तो माझ्या बरगड्यांवर आवळतं आणि वर बसून मला दिवसभर पिटाळतं. गोळ्या सगळ्या झाल्या. गोळ्यांनी आग विझली नाही, मी विझलो. तोंड उघडं टाकून खाटेवर पडायचो आणि बायको पदराने लाळ पुसायची.

मग हे डोक्यावर धरून मेंदूला टोले देणारं चुंबक. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "दोन आठवडे करून बघू. आकडा खाली आला तर पुढे चालू ठेवू. नाही आला तर बंद. त्यानंतर माझ्याकडे देण्यासारखं काही नाही."

सुरतेत मेव्हण्याकडे मुक्काम टाकला. न्हाव्याच्या खुर्चीसारखी खुर्ची, डोक्यावर इंग्रजी आठच्या आकाराचं वेटोळं, आणि ते सुतार पक्ष्यासारखं टकटक करायचं. पहिल्या दिवशी मेंदूतली जागा शोधताना एका टकटकीसरशी माझा अंगठा मला न विचारता उडाला. गावी फोन करून मी सांगितलं, चुंबक इतकं जोराचं आहे की खालच्या पार्किंगमधल्या स्कुट्या सरकत सरकत आमच्या खिडकीखाली येतात. निम्म्या गावाने विश्वास ठेवला. उरलेल्या निम्म्याने विचारलं, कुलूप लावलेल्याही?

रोज तोच प्रश्न आणि रोज माझं नवं उत्तर. चौदा. एकदा बावीस. एके दिवशी डॉक्टरांचा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून तीन. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला.

"काका, मशीन काम करतंय की नाही हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक. तुम्हीच असं केलंत तर मी काय करू?"

खरं सांगायचं म्हणजे खोटं बोलत होतो असंही नाही. खरा आकडा तोंडाने कसा बोलतात, तेच मला येत नव्हतं. शेती सांभाळून सारंगखेड्याच्या बाजारात मी वर्षानुवर्षं घोड्यांची दलाली केली. तिथे तोंडाने बोलायचं ते मनोरंजन. ही घोडी तापी ओलांडते आणि खूर ओला होत नाही, असं मी शपथेवर सांगायचो, घेणारा मान डोलवायचा, कुणाला राग यायचा नाही. खरा भाव रुमालाखाली. दोघांचे हात झाकायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. तिथे जो खोटी बोटं दाबेल त्याला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नाही.

बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती उठली.

"तोंडाने विचारू नका, डॉक्टर," ती म्हणाली. "त्यांचं तोंड बाजाराचं आहे."

तिने पिशवीतला रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून आपला हात घातला. "आते सांगा, बोटांनी."

मी तिची मूठ दाबली, म्हणजे पाच. मग चार बोटं.

"नऊ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नऊ लिहिलं. खरा आकडा मलाही तेव्हाच कळला.

तिथून पुढे रोज रुमाल. नऊ, आठ, पुन्हा नऊ. एकदा सात आला. त्या संध्याकाळी मेव्हण्याच्या ओट्यावर मी तोंडानेच इतक्या घोड्या विकल्या की ऐकणाऱ्यांना लीद उचलायची पाळी आली असती. दुसऱ्या दिवशी नऊ.

शेवटच्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून समोरच बसले. रुमाल पडला. मी मूठ दाबली, मग चार बोटं. नीट, एकेक.

तिने हात लगेच काढला नाही.

"पाच," ती म्हणाली.

ही बाई कुणी वांगी कशी झाली विचारलं तर स्वतःचीच वांगी खारट झाल्याचं सांगणारी. मी तिच्याकडे बघतच राहिलो. डॉक्टर खूश झाले. "सरस, काका. सोमवारपासून पुढचे दोन आठवडे." मी तोंड उघडलं, तर रुमालाखाली तिने माझी बोटं अशी आवळली की तोंड आपोआप मिटलं.

खाली रिक्षाची वाट बघताना मी तिला तो पाच कुठून आणला ते विचारलं, "पाच कथाईन लयनी तू?"

ती रस्त्याकडे बघत होती. "नऊ सांगं तर बंद करतीन. मंग घरमां तुम्ही, मी आनि ते दुखनं. मी कोनाकडे जाऊ?"

"सोमवारी येऊ," एवढंच म्हणालो.

रिक्षा आली. तिने वाकून माझा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. जिथे जिथे तिची बोटं लागली तिथली कातडी सोलून निघाल्यासारखी झाली. मी दात दाबून पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिलो. आता आमचा आकडा पाच होता, आणि पाचाला ओरडता येत नाही.