फळीमागचं गाव

इतकी वर्षं झाली, पण ती एक गोळी अजून माझ्या डोक्यातून निघालेली नाही. घाबरू नका, ती मला लागली नव्हती. मला लागली असती तर नुकसान गोळीचंच झालं असतं, असं आमचे हवालदार म्हणत. आणि ते खोटं बोलत नसत, निदान माझ्यासमोर तरी.

तेव्हा मी अहेरी उपविभागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ठाणं म्हणजे कौलारू इमारत, भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत, आणि एक जीप, जी चढावर लागली की मागच्या बैलबंड्या वैतागून वाट मागायच्या. डास असे, की संत्री रायफल दोन्ही हातांनी धरून उभा राही, उचलून नेतील म्हणून. माझ्या आवाजाचीही ख्याती होती. अहेरीत आरोपीला दटावलं की सिरोंच्यातला चोर कबुली देऊन मोकळा व्हायचा. यात थोडं जास्त झालं असेल. पुढचं मात्र जसं घडलं तसं सांगतो.

आठवडी बाजाराचा दिवस होता. दिवेलागणीला एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला, जेवायला बसलेल्या माणसाला गोळी लागली. आमच्या जिल्ह्यात गोळी म्हटलं की पहिला संशय जंगलात, नक्षल्यांवर जातो. रस्ता तपासत तपासत आम्ही पोचलो, तोवर जखमीला दवाखान्यात हलवलं होतं. पत्रकं नाहीत, घोषणा नाहीत, कुणी बाहेरचं आलेलं नाही. म्हणजे जंगलाचा संबंध नाही, मामला गावातलाच.

जखमी हा दोघा भावांतला थोरला. गोळी खांद्यातून आरपार गेली, हाड वाचलं. त्याचं आणि धाकट्याचं बांधावरच्या मोहाच्या झाडावरून जुनं भांडण होतं. फुलं कोणी वेचायची, एवढाच वाद. पण त्यावरून बोलणं बंद, येणंजाणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खबऱ्याने टीप दिली. धाकट्याने त्याच दुपारी भर बाजारात भावाला धमकी दिली होती, आणि त्याच्या घरात विनापरवाना भरमार बंदूक लपवलेली आहे. भरमार म्हणजे तोंडातून बार ठासायची गावठी बंदूक.

झडती घेतली. गोठ्यावरच्या तणसात बंदूक सापडली. पंचनामा झाला, जप्ती झाली, धाकटा लॉकअपमध्ये. तिकडे थोरल्याने दवाखान्यात जबाब दिला, "त्यानंच मारली." कलम तीनशे सात, खुनाचा प्रयत्न. धमकी आहे, हत्यार आहे, फिर्यादी नाव घेतो आहे. असा गुन्हा म्हणजे शिजवून, वाढून, पुढ्यात ठेवलेलं ताट. धाकट्याची निदान दहा वर्षं जाणार, हे शिपायालाही कळत होतं.

पण मी बंदुकीच्या नळीत गज घातला तर तो वितभरही आत जाईना. आतून वाळलेल्या मातीचे गोळे निघाले. कुंभारीण माशीने नळीत घर बांधलं होतं, अगदी पिल्लांसकट. मी वरिष्ठांना फोनवर हे सांगितलं.

ते म्हणाले, "गोळी झाडून झाल्यावर तिने घर बांधलं नसेल कशावरून? माशीचा जबाब घेतलात का?"

मी म्हणालो, "ती फितूर होईल साहेब." त्यांना विनोद आवडला नाही.

धाकट्याला समोर बसवलं. आवाज लावला. खिडकीवरची चिमणी उडाली, हा मात्र ढिम्म.

"बाजारात काय म्हणालास भावाला?"

"गोळी घालतो म्हनलं."

"मग?"

"मंग काई नाई जी. म्हनलं होतं, घातली नाई. लोकं तं बायकोले बी रोज म्हनतात, तुह्यं तोंड पाहनार नाई. पाहतेतच ना?"

"आणि बंदूक?"

"आज्याची हाय. तिनं आज्याच्या टायमाले बी काई मारलं नाई. आवाजच करे."

खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःच्या सोयीचं सांगतो. हा स्वतःच्या गैरसोयीचंच सांगत होता. तरी एवढ्यावर कोर्टात कुणी सुटत नाही.

दुपारी थोरल्याची बायको ठाण्यात आली. हातात दोन डबे. एक दवाखान्यातल्या नवऱ्याचा, एक लॉकअपमधल्या दिराचा.

हवालदार म्हणाले, "बाई, ज्यानं तुमच्या नवऱ्याले गोळी घातली, त्याले डबा?"

"त्यानं घातली असंन तं उपाशी ठेवा. नसंन घातली तं तुमीच खाऊ घालान काय? डबा धरा आधी, सांडून राह्यला."

मी तिला बसवून पुन्हा सगळं विचारलं. नवरा कुडाच्या भिंतीला टेकून जेवत होता, ती भात वाढत होती.

"मग आवाज आला आणि ते पडले."

"नाई जी. आधी हे आडवे झाले. मंग आवाज आला, लांबून, फटाक्यावानी."

मी जबाब काढून पाहिला. त्यात हवालदारांनी 'आवाज आला व पती खाली पडले' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "घाबरल्यामुळं बाईनं उलटं सांगितलं साहेब, मी सरळ केलं."

आता, ज्याच्यावर जंगलात कधी गोळीबार झाला आहे त्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. जवळून बार झाला तर आवाज आणि गोळी एकदमच येतात. लांबून रायफल चालली तर गोळी आधी येते, आवाज मागून धापा टाकत येतो. बाईने काही उलटं सांगितलं नव्हतं. मी पुरवणी जबाब नोंदवला आणि तिच्या घरी गेलो.

भोक मागच्या भिंतीला होतं, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. त्या बाजूला तिचे वांग्यांचे ओले वाफे, कुणाच्या पायाचा ठसा नाही. पुढे नाला, नाल्यापलीकडे सागाची रांग, आणि रांगेमागे अर्ध्या किलोमीटरवर एका मोठ्या शेतमालकाचं फार्महाऊस. परिसरात रायफलचा परवाना त्या एकट्याकडे होता. स्वसंरक्षण आणि पीक संरक्षण.

मालक वजनदार होता, दोन्ही अर्थांनी. नोटीस घेऊन गेलो असतो तर आधी वकील आला असता, मग पुढाऱ्याचा फोन, आणि रायफल तर कपाटातून निघालीच नाही असं ठरलं असतं. म्हणून मी टोपी जीपमध्ये ठेवली आणि सल्ला मागायला गेलो. माझा अनुभव आहे, चौकशीला माणूस तोंड मिटतो, सल्ला मागितला की उघडतो. आणि बंदुकीबद्दल मागितला तर त्याला पुन्हा मिटवणं अवघड.

चहा आला. मी म्हणालो, "मालक, रिटायर झालो की इकडेच जमीन घेणार. घराच्या राखणीला काय ठेवू? बारा बोअरची छर्ऱ्यांची काडतुसं, की रायफलची गोळी?"

"घ्या! पोलीस असून मले इचारता?"

"आम्हाला सरकार हातात देतं ते आम्ही चालवतो. निवडायची अक्कल तुम्हा लोकांना."

मालक खुर्चीत सरसावून बसला. पुढे जे व्याख्यान झालं त्यात चहा दोनदा आला आणि दोनदा थंड झाला.

"छर्रे म्हंजे कसं साहेब, मूठभर हरबरे फेकून मारल्यासारखं. जरा लांब गेलं की डुकराले गुदगुल्या. मी पाच वर्सं तेच वापरलं, डुकरं माह्याकडं पाहून हासत होती. आता रायफल घेतली. घर म्हना, शेत म्हना, राखन कराची तं आरपार जानारी गोळी पाह्यजे."

"आरपार सगळेच म्हणतात हो. पाहिलं कुणी?"

"चाला जी. दाखवतोच."

कुंपणाला बैलबंडीची जुनी जाड फळी टेकवून ठेवलेली होती. मधोमध भोक. मालकाने त्यात करंगळी घालून दाखवली, नव्या जावयाची अंगठी दाखवावी तशी.

"वा! कधी मारली ही?"

"बाजाराच्या दिवशी, सांजच्याला. गोळ्यांचा नवीन डबा उघडला ना, म्हनलं पाहून घ्यावं माल कसा हाय."

"आणि फळीतून निघून पुढे कुठे गेली?"

"कुठी जाईन? गेली असंन जंगलात."

"मालक, जंगल आपल्या पाठीमागे आहे."

तो वळला. पहिल्यांदाच, मला वाटतं, त्याने फळीच्या पलीकडे पाहिलं. उतार, नाला, सागाच्या रांगेतली फट, आणि त्या फटीत गावाची कौलं. कोणाला गोळी लागली हे त्याला ठाऊक होतं. धाकट्यानं मारली, असं गावासारखंच तोही म्हणत होता. तो तिथेच मातीत बसला.

"साहेब," तो म्हणाला, "मी तं डुकरासाठी घेतली होती."

त्याने काही नाकारलं नाही. पंचांसमक्ष फळीच्या भोकातून पाहिलं तेव्हा नेमकी ती भिंत दिसली. घरात, भिंतीतल्या भोकाच्या रेषेत, धानाची ढोली, म्हणजे बांबूची उंच कणगी होती. ती रिकामी केली तर तळाशी चेपलेली गोळी मिळाली. रायफल जप्त केली, प्रयोगशाळेचा अहवाल जुळला. हयगयीने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला आणि परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. धाकट्यावरचं तीनशे सात निघालं. भरमारीचा गुन्हा राहिला, कारण आत माशी राहते म्हणून बंदुकीला परवाना लागत नाही, असं कायद्यात कुठे नाही. त्यात त्याला जामीन मिळाला.

तो सुटला त्या दिवशी थोरला ठाण्याच्या आवारात उभा होता, हात गळ्यात बांधलेला, शेजारी बायको. मी व्हरांड्यात सह्या करत होतो. कान मात्र माझे ड्युटीवरच असतात.

"चाल घरी," थोरला म्हणाला.

"पाह्यलं होतंस मले, गोळी मारताना?"

"नाई."

"मंग माह्यं नाव काऊन घेतलं?"

थोरल्याने गळ्यातली झोळी सावरली. मग म्हणाला, "दुसऱ्या कोनाचं घेऊ? माह्यं गावात दुसऱ्या कोनाशी भांडनच नाई."

धाकटा वळला. एकटाच पुढे चालू लागला. थोरला मागे, बरंच अंतर ठेवून. बाई मध्ये, दोघांचे रिकामे डबे घेऊन. मी वळणापर्यंत पाहत राहिलो. अंतर कमी झालं नाही. वाढलंही नाही.

या तपासाने मला एक शिकवलं. बंदूक घेणारा माणूस गोळी समोर काय करेल याचा महिना महिना विचार करतो, आणि समोरचं संपल्यावर ती कुठे जाईल याचा मिनिटभरही नाही. बिनपुराव्याचं नाव घेणाऱ्याचंही तसंच असतं, फक्त त्याला परवाना लागत नाही.

अजूनही लोक मला विचारायला येतात, राखणीला कोणती गोळी चांगली. मी सांगतो, आधी घराच्या चारी बाजूंना चालत जा, पहिला माणूस भेटेपर्यंत, आणि मग या. मागच्या वर्षी एक कापूसवाला असा चालून आला आणि ओसरीवर बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई साहेब. मागच्या अंगाले माह्या पोरीचं सासर हाय."

"मग काय घेणार?"

"कुत्रं."