रिकामं ठिकाण

कळमनुरीत घराच्या माडीवर आम्ही दोघं भाऊ सॉफ्टवेअर करतो. धाकटा पुण्याची नोकरी सोडून माझ्या भरवशावर आला. एका हळद व्यापाऱ्याचा प्रोग्राम जमला तर तो इथं राहणार होता. नाही तर बायकोला घेऊन परत जाणार.

प्रोग्राम नव्यानं बांधणारी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, आधी जुनं पुसून काढायची. कुठलं फोल्डर पुसायचं ते तिच्या एका खणात, व्हेरिएबलमध्ये, भरावं लागे. ते रिकामं राहिलं, की 'या फोल्डरातलं सगळं' यातलं फोल्डर गळतं आणि उरतं नुसतं 'सगळं'. म्हणून मी तपासणीची ओळ घातली होती : रिकामं दिसलं की थांबायचं आणि तसं सांगायचं. सांगायचं कसं, इथं माझी लेखनाची खाज नडली. स्क्रीनवर यायचं, "डोळे फुटले का? आधी ठिकाण भर."

धाकट्याची बायको शेजारच्याच टेबलावर काम करते. तिच्यादेखत दोन-तीनदा डोळे फुटल्यावर त्यानं ती ओळच उडवली, मला न सांगता. बाजाराच्या दिवशी व्यापारी बघायला येणार, त्याआधी त्यानं स्क्रिप्ट चालवली. ठिकाण रिकामं.

कत्तलच ती. पुसल्या जाणाऱ्या फाइलींची नावं स्क्रीनवर धडाधड पडत गेली. बॅकअपची डिस्क जोडलेली होती, तीही कापली गेली.

"माझी ओळ कुठंय?"

"काढली. बायकोपुढं मशीनच्या शिव्या खाऊ काय?"

"काढताना हात झडले न्हाईत व्हय तुझे?"

त्यानं कीबोर्ड उचलून माझ्या तोंडावर हाणला. चार बटणं उडाली आणि माझा पुढचा एक दात. मी त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याचं डोकं फुटलं, माझी कंबर धरली. ओरडलो मात्र मीच. मग त्यानं लोखंडी स्टूल डोक्यावर उचललं.

"मारा," त्याची बायको म्हणाली. "दादांना पुरं मारा, मग पुण्याचं तिकीट काढते. माझ्या लॅपटॉपात परवापर्यंतचं काम हाय, ते बी पुसू का?"

स्टूल हवेतच राहिलं. दारात व्यापारी उभा होता. माझ्या सदऱ्यावरचं रक्त बघून म्हणाला, "काहून भाऊ, तुमच्या धंद्यात मारामारी बी असती व्हय?"

त्यानं पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली. तपासणीची ओळ तिनं परत घातली : "ठिकाण रिकामं आहे. थांबा." रस नाही भाषेत, पण दात नसताना वाद घालणं अवघडच.

तिच्या लॅपटॉपातल्यावरून काम झालं. धाकटा इथंच आहे. परवा स्क्रीनवर 'थांबा' आलं, तेव्हा त्यानं मुकाट ठिकाण भरलं आणि माझ्याकडं न बघता पायानं स्टूल जरा लांब सरकवलं.