सहाव्या सोमवारचा बांगडा

गिरगावातल्या मीनाक्षीला स्वतःच्याच पोटाची भीती वाटायला लागली होती. धाकट्या भावाचं, हेरंबचं, यकृत सुकत चाललं होतं. तिच्या यकृताचा तुकडा त्याला जुळत होता, पण त्यात चौदा टक्के चरबी निघाली. "दहाच्या आत आणा, मग बघू," डॉक्टर म्हणाले. "फार वेळ नाही."

त्याच दिवशी तिने तेलाची बरणी शेजारणीला देऊन टाकली. तूप बंद, खोबरं बंद, मासे बंद. बाबुलनाथाला अकरा सोमवार बोलली. पाच सोमवार झाले आणि तपासणीत आकडा निघाला सोळा.

हेरंबचे डोळे तोवर हळदीसारखे पिवळे झाले होते.

आहारतज्ज्ञ सलोनी वयाने तिच्या लेकीएवढी. "ताई, दिवसभरात काय काय खाता?"

"अगं, तेलाचा थेंब नाही! सकाळी पेज, दुपारी भात नि पातळ वरण, संध्याकाळी चिकू, केळी. रात्री परत मऊभात. सोमवारी उकडलेला साबुदाणा, रताळी, राजगिऱ्याचे लाडू."

सलोनीने पेन खाली ठेवलं. "तेल सोडलंत, पण पोट सगळं भातासाबुदाण्याने नि गोडाने भरलंत. अंगाला लागतं त्याहून जास्त झालं की यकृत त्याचीच चरबी करून साठवतं. भात मूठभर. मासे, अंडी, भाज्या, शेंगदाणे खा. थोडं तेल चालेल. आणि हे साबुदाण्याचे उपास थांबवा."

मीनाक्षीने बोटांवर पाच सोमवार मोजले. ज्याच्यासाठी उपास धरले, त्याचेच दिवस तिने खाल्ले होते.

सहाव्या सोमवारी ती बाजारात गेली तेव्हा नेहमीची कोळीण बघतच राहिली. "सोमवारचा बांगडा? बरी हायस ना गो?"

घरी तव्यावर बांगडा चुरचुरला. देव्हाऱ्याकडे पाठ करून तिने पहिला घास घेतला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, उपास सोडलास?" हेरंबचा आवाज खोल गेलेला.

"नाही रे... म्हणजे हो. बांगडा खातेय."

 तिने ताट बाजूला सरकवलं.

"माझ्या वाटचापण खा," तो म्हणाला. "काटे बघून खा हां. तुला काही झालं तर माझं काय?"

चार आठवडे ती रोज देवाची माफी मागून जेवली. मग पुन्हा ते मशीन, पोटावर ते गार जेल. डॉक्टर पडद्याकडे बघत होते. ती छताच्या पंख्याचे फेरे मोजत राहिली. एक फेरा, दुसरा फेरा.

"आठ," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दाखल व्हा. दोघंही."

आठ! तिला हसू फुटलं. पोट पुसायला रुमाल घेतला, आणि बरगडीखालच्या त्या मऊ जागेवर हात तिथेच थांबला. आता खरंच कापणार होते.