वारा सरला का?

प्रयोगशाळेत तिला सगळे सुईताई म्हणत. काचेची नळी तापवून, ओढून ती इतकी बारीक सुई करी की टोक नुसत्या डोळ्यांना दिसूच नये. आतड्याच्या भिंतीतल्या एकेका चेतापेशीत ती सुई टोचायची आणि पेशीतली विजेची लहर पडद्यावर पाहायची, हे तिचं काम. काही पेशी लागोपाठ बोलत. काही एकदाच बोलून बराच वेळ गप्प बसत. त्यांना तिने ‘बाबा’ नाव ठेवलं होतं. एक रसायन सुटलं की घासामागचा स्नायू आवळतो, दुसरं सुटलं की पुढचा सैल पडतो, आणि यासाठी मेंदूला विचारावंही लागत नाही, याचं तिला अजून अप्रूप वाटे.

खरे बाबा भाषेचे मास्तर. आपली लेक पोटातल्या उठाठेवी करते, हे त्यांना चारचौघांत सांगवत नसे. “विजेचं काहीतरी बघते,” असं म्हणून ते विषय मिटवत.

त्याच बाबांच्या आतड्याला पीळ पडला. शस्त्रक्रियेने पीळ सुटला, पण आतडं काही हलेना. कापाकापीनंतर तिथल्या पेशी थोडे दिवस रुसून बसतात, हे तिला ठाऊक होतं; पण तेवढे दिवस केव्हाच उलटले. वारा सरला म्हणजे आतडं हललं, म्हणून नर्स येता-जाता विचारायची, “आजोबा, वारा सरला का?” बाबा छताकडे बघत म्हणायचे, “नाही.”

शेवटी डॉक्टर म्हणाले, “उद्यापर्यंत बघू. नाहीतर पुन्हा पोट उघडावं लागेल.”

या वयात पुन्हा उघडणं म्हणजे काय, हे तिला नको तितकं कळत होतं. आयुष्यभर आपण याच पेशींच्या मागे लागलो आणि आता घरच्याच माणसाच्या बाबतीत हात टेकले, या विचाराने तिला रडू यायचं. ती खाटेजवळून हलायला तयार नव्हती.

“ताई, तोंड बघा तुमचं. चहा पिऊन या,” म्हणत नर्सने तिला जवळजवळ ढकललंच. ती परतली तर नर्स दारातच हसू दाबत उभी.

“सरलाय. कालच. लेकीदेखत असलं कसं बोलायचं, म्हणाले.”

डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि चमच्याने पाणी द्यायला सांगितलं. उघडायचं रद्द झालं.

सुईताईचा आधी संतापच झाला. “बाबा, पुन्हा पोट फाडायला निघाले होते तुमचं.”

“तू जागची हलशील तेव्हा सांगणार ना.”

तिने चमचा पुढे केला. थोडं पाणी उशीवर सांडलं. बाबांनी घोट गिळला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, “एकदाच नाही गं. दोनदा सरला.”