ढोम्याला डोळे किती

आमची पोस्ट बर्फात होती. कुठल्या डोंगरावर, ते सांगत बसत नाही. सांगितलं तरी तुम्हाला उलगडायचं नाही आणि मला आता नकाशे काढायचा उत्साह राहिलेला नाही. लढाई संपून काही वर्षं झाली होती. गोळी चालत नव्हती. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात तेव्हा पोरं विचारतात, किती मारले? मी म्हणतो, एकही नाही. मग त्यांची तोंडं उतरतात. आमचं वैर बर्फाशी होतं आणि बर्फ मरत नाही.

मी नायक, सिग्नलचा माणूस, गाव केम. वायरलेस सेट, बॅटऱ्या आणि पुढच्या पोस्टपर्यंत टाकलेली टेलिफोनची लाइन एवढं माझ्याकडे. उठायचं, स्टोव्हवर बर्फ वितळवायचा, चहा, दाढी, हत्यारं साफ, सेट चेक. मग फावडं घेऊन बर्फ उपसायचा. काल उपसलेला आज पुन्हा तिथंच. असं महिनोन्‌महिने केलं की माणसाला राग येत नाही, दुःख होत नाही, नुसती झोप येते. तिथं झोपेचीच भीती. वेळीअवेळी डोळा लागला की संपलं.

लान्स नायक बसप्पा माझ्या हाताखाली लाइनमन होता. अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत अखंड बडबड. सुट्टीवरून आला की ट्रंकेत कपडे कमी आणि कडक भाकऱ्या जास्त. शेंगाचटणीची पुडी पोस्टवर पोचेपर्यंत अर्धी व्हायची. आम्हाला जागं ठेवायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यासाठी त्यानं एक अख्खा देश रचला होता. त्याचं नाव तळवट.

तळवट म्हणजे बर्फाच्या खालचा देश. तिथं बारा महिने सोलापूरचा उन्हाळा. तिथली राणी रोज सूर्य गच्चीवर सांडग्यासारखा वाळत घालते आणि संध्याकाळी डब्यात भरून ठेवते. तिथल्या शिपायांच्या ढाली कडक भाकरीच्या. लढाई लांबली तर ढाल मोडून खायची. पाहुणा आला तर नाव विचारत नाहीत, जेवलास काय विचारतात. नवरी वरातीला खेकड्यावर बसून जाते, म्हणून वरात तिरकी चालते. आम्ही मिशा फुटलेले गडी हे ऐकायला स्टोव्हभोवती पोरांसारखे बसायचो.

आणि तळवटाच्या वेशीवर ढोम्या. म्हशीएवढा, पांढरा, कपाळावर एकच डोळा. तो बर्फात पेंगणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन खाली तळवटात नेतो. पण डोळा एकच, म्हणून एका वेळी त्याला एकच माणूस दिसतो. दोघं बिलगून बसले तर एक तरी सुटतो. त्यामुळे आमच्या पोस्टवर पहाऱ्याला उभे राहिलेले दोघं खांद्याला खांदा लावूनच उभे राहायचे. साहेबांना वाटायचं, थंडीमुळे.

तळवटाचा एक कायदा होता, तो मात्र बसप्पा कडक पाळायचा. गोष्ट सांगणारा चुकला तर ऐकणाऱ्यानं तिथल्या तिथं "चूक" म्हणून अडवायचं. कुणी अडवलं नाही, तर चुकीचं बोललेलं खरं होतं आणि मग ते कायमचं तसंच राहतं. तो मुद्दाम मधेच काहीतरी उलटं ठोकून द्यायचा. आम्ही सगळे एकदम ओरडायचो. पेंगणारा ओरडला नाही की त्याच्या पाठीत गुद्दा.

हळूहळू हे प्रकरण सेटवरही गेलं. बसप्पा लाइनवर गेला की तिकडून मला तळवटाच्या बातम्या द्यायचा. एकदा कॅप्टन साहेबांनी ऐकलं. तरुण होते, शिस्तीचे.

"नायक, हे काय चाललंय?"

"सर, तळवट, सर."

"सेटवर भंकस नको. बॅटरी काय झाडाला लागते?"

त्यांचं बरोबर होतं. सेटवरचं तळवट त्या दिवसापासून बंद झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लाइन तुटली. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. बसप्पा आणि शिपाई रघुनाथ, दोघं सेट घेऊन निघाले. रघुनाथ साताऱ्याकडचा, नवाच भरती झालेला, अबोल. अकराच्या सुमारास टेलिफोन खणखणला आणि पलीकडच्या पोस्टचा आवाज आला. लाइन जोडली गेली होती. ते दोघं परत निघाले आणि दुपारी वरून बर्फाचा कडा सुटला.

आम्हाला आवाज आला. ज्यानं तो ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. मी सेटवर हाका मारत होतो. बऱ्याच वेळानं बसप्पा बोलला.

"केमकर, बोलतोय. ओव्हर."

"सांग, बसू. ओव्हर."

"पाय मोडलाय माजा. रघ्याचा खांदा निखळलाय. दगडाच्या आडोशाला बसलोय. चालता येत न्हाय. ओव्हर."

सुभेदार साहेब पार्टी घेऊन लगेच निघाले. सरळ वाट बर्फानं बुजली होती. डोंगराच्या धारेवरून वळसा घालून जायचं तर अंधार पडणार. त्यातच वारा सुटला आणि पुढचं काही दिसेना. कॅप्टन साहेब माझ्या शेजारी येऊन बसले.

"झोपता कामा नये दोघांनी. बोलत ठेवा."

"सर, बोललं की त्याची बॅटरी जाते. ऐकायला कमी लागते. आधीच गारठलीय."

त्यांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाले, "ते तुमचं तळवट. त्यात ऐकणाऱ्याला एकच शब्द बोलायचा असतो ना?"

त्यांनी सगळं ऐकलेलं होतं तर! मी सेट तोंडाशी धरला.

"बसू, बॅटरी कोटात घाल, अंगाला लावून. आणि ऐक. तळवटातल्या शिपायांच्या ढाली तांब्याच्या असतात. ओव्हर."

खरखर. मग, "चूक. भाकरीच्या. ओव्हर."

"राणी गच्चीवर चंद्र वाळत घालते. ओव्हर."

"चूक. सूर्य. तुला काय बी येत न्हाय, केमकर. ओव्हर."

"नुसतं चूक म्हण. बॅटरी वाचव. रघुनाथ जागा आहे का? नवरी हत्तीवर बसून जाते. ओव्हर."

बराच वेळ काही नाही. मग रघुनाथचा बारीक आवाज आला, "चूक." मागून बसप्पा हसल्यासारखा वाटला.

दुपार अशी गेली. मी देशाच्या देश उलटा करत होतो आणि ते दोघं तो सुलटा करत होते. माझा घसा बसला. कॅप्टन साहेब मला गरम पाणी देत होते आणि मला सुचेनासं झालं की स्वतः कागदावर चुका लिहून पुढं सरकवत होते. मधेमधे सुभेदार साहेबांचा सेट बोलायचा. धारेवर पोचलो. वारा आहे. पुढं सरकतोय. मी विचार करत नव्हतो. "चूक" आलं की पुढची चूक. उत्तराला लागणारा वेळ लांबत होता, तेवढं कळत होतं. पुढं पुढं रघुनाथचं येईना, फक्त बसप्पाचं यायचं, तेही अर्धं. नुसतं "चू".

संध्याकाळ होत आली तेव्हा माझ्याकडच्या चुका संपल्या. डोकं रिकामं झालं होतं. तोंडाला येईल ते मी बोललो.

"ढोम्याला दोन डोळे असतात. ओव्हर."

खरखर.

"बसू, ढोम्याला दोन डोळे. ऐकतोयस का? दोन. ओव्हर."

मी ते किती वेळा म्हणालो, मला माहीत नाही. शेवटी साहेबांनी माझ्या हातातून सेट काढून घेतला. अंधार पडताना सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"पोचलो. एक जिवंत आहे. एक नाही. ओव्हर."

रघुनाथ वाचला. तो बेशुद्ध होता आणि बसप्पा त्याला मिठी मारून बसला होता. मिठी सोडवायला दोघं लागले. सेट त्याच्या कानाशी होता आणि बॅटरी मेली होती. आधी बॅटरी गेली की आधी बसप्पा, हे कुणालाच सांगता आलं नाही. माझं शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं का, हेही नाही.

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला तो कायदा आठवत होता. चुकीचं बोललेलं कुणी अडवलं नाही तर खरं होतं. मी शिकलेला माणूस, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी फावडं मारताना, दाढी करताना, तेवढंच डोक्यात यायचं. दोन डोळे.

सुट्टी मिळाली. गाडी केमला थांबली, मी उतरलो नाही. तसाच सोलापूरला गेलो आणि टांगा करून सात रस्ता भागात पोचलो. बसप्पाची बायको महानंदा तिथं भावाकडे राहत होती. पुढं पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या. तिनं मला पाट दिला. पाणी दिलं. नाव विचारलं नाही.

"जेवला काय, अण्णा?" म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग सांगितलं सगळं. लाइन जोडली तिथपासून. तिला हे सांगावं की नाही, याचा विचार करायचं त्राणच नव्हतं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. गिरणीची घरघर चालू होती. शेवटी मी म्हणालो, "वहिनी, मी त्याला सांगितलं, ढोम्याला दोन डोळे असतात. त्याचं उत्तर आलं नाही."

ती ताठ बसली.

"चूक," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"चूक हाय, अण्णा. एकच डोळा. पयल्यांदा त्यांनी दोनच ठेवले होते. सुट्टीला आले तवा मला सांगितलं. मी म्हनले, दोन नको, एक काढा. तुमी दोघं दोघं बसताव तितं, एक तर सुटंल की. लई भांडले मी, तवा काढला."

तिनं डोळ्याला पदर लावला आणि परत खाली घेतला.

"दोन असते तर ते साताऱ्याचं पोरगं पन गेलं असतं. गेलं न्हाय न्हवं? मग एकच डोळा हाय."

मी तिथं पाटावर बसून रडलो. पोस्टवर रडलो नव्हतो. तिनं मला रडू दिलं. मग ताट आणलं, कडक भाकरी मोडून आमटीत टाकली आणि म्हणाली, "जेवा."