मयूर विहारातली तळी

श्यामकांत हिंदळेकरांकडे इडली खायला जाऊ नये, असं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये जुनी मराठी मंडळी नव्या मंडळींना बजावून ठेवत. इडली त्यांच्या पत्नी सुमित्राबाई उत्तम करत, तक्रार तिची नव्हती. पण पाहुणा पहिला घास मोडणार तोच श्यामकांतराव पुढे होत, त्याच्या ताटलीतल्या इडलीवर स्वतःच्या हाताने सांबार ओतत आणि म्हणत, “थांबा, खाऊ नका. बघा.”

मग बघावं लागे. इडली म्हणजे कोकणातला सडा, जांभ्या दगडाचं सपाट पठार. जांभा दिसायला दगड, पण अंगभर भोकं. चार महिन्यांचा पाऊस निमूट पिऊन टाकतो. ताटली म्हणजे जांभ्याखालचा पांढऱ्या चिकण मातीचा थर. तिच्यातून पाणी खाली उतरत नाही. मग बिचाऱ्या पाण्याने जावं कुठे? ते मातीवरून घसरत कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. इथवर येईतो सांबार खरोखरच इडलीच्या बुडातून ताटलीभर झालेलं असे आणि श्यामकांतरावांचा चेहरा उजळलेला असे.

“आणि पायथ्याशी काय आहे?” ते विचारत.

“समुद्र,” पाहुणा भुकेल्या पोटी म्हणे.

“समुद्र नंतर! आधी तळी! गोड्या पाण्याची!”

ही तळी देवगडच्या बाजूला, बांबरवाडी नावाच्या त्यांच्या गावात होती. मागे तांबडा कडा, पुढे काळ्या कातळाची नैसर्गिक पाळ, आणि पाळीपलीकडे थेट अरबी समुद्र. भरतीला समुद्र उंबऱ्यापर्यंत येई, पण घरात पाऊल टाकत नसे. इकडे ओंजळ भरली तर नारळपाणी, तिकडे भरली तर मीठ. श्यामकांतरावांच्या आईने आयुष्यभर त्याच पाण्यात भात रांधला, आणि तसा भात जगात कुठे होत नाही. हे सगळं ऐकायला इडली गार होईपर्यंत वेळ लागे.

अडचण एवढीच, की ती तळी कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे ‘हिंदळेकरांची तळी’ हा कॉलनीत वाक्प्रचारच होऊन बसला. महागाई भत्ता वाढणार अशी आवई उठली, की सेक्शनमधले लोक म्हणत, “हातात पडेल तेव्हा खरं. नाहीतर हिंदळेकरांची तळी आहेच.” श्यामकांतरावही हसत. पण हसून झाल्यावर चष्मा पुसत बसत, आणि तो चष्मा स्वच्छच असे.

आता कोणी म्हणेल, सरकारी नोकराला कुटुंबासकट गावी जायचा प्रवासखर्च सरकार देतं, एलटीसी म्हणतात ती. मग नेऊन दाखवायची होती तळी. पण कागदोपत्री श्यामकांतरावांचं होम टाऊन होतं पुणे. ते सुमित्राबाईंचं माहेर. या माणसाचं गाव सासुरवाडी कसं झालं, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्या गोष्टीला इतकी वर्षं लोटली होती की सुमित्राबाईंच्याही ती ध्यानात नव्हती. राहता राहिली चार वर्षांतून एकदा मिळणारी, भारतात कुठेही जाता येणारी मोठी एलटीसी. तिच्यावर मुलगी देवयानी आणि सुमित्राबाई यांचं बहुमत चाले. शिमला झालं, कन्याकुमारी झाली. पुरीला समुद्र बघून सुमित्राबाई म्हणाल्या, “झाला ना बाई समुद्र बघून? सगळीकडे सारखाच असतो.” श्यामकांतराव त्या रात्री जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

पंच्याण्णव साली परिस्थिती हातघाईवर आली. श्यामकांतराव पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. मोठी एलटीसी एकच उरली होती, आणि सुमित्राबाईंनी दार्जिलिंग ठरवलं होतं.

“अगं, या खेपेला तरी बांबरवाडी,” ते म्हणाले.

“तिथे राहायचं कुठे? हॉटेल नाही, बाथरूम परसात. आणि बघायचं काय, तर डबकं.”

‘डबकं’ हा शब्द श्यामकांतरावांना लागला. ते चष्मा पुसत बसले, तेव्हा सुमित्राबाईंनाही जरा वाईट वाटलं. पण माघार घेणं त्यांच्या माहेरच्या रीतीत बसत नव्हतं. “बरं, दाखवा मला,” त्या म्हणाल्या. “समुद्राला लागून गोडं पाणी एकदा, फक्त एकदा दाखवा. येते मी बांबरवाडीला. नाहीतर दार्जिलिंग, बिल्कुल.”

तळी बघितल्याशिवाय तळी बघायला जायचं नाही, असा तो कायदा होता. श्यामकांतराव आठवडाभर विचार करत फिरले, आणि मग त्यांना गणपती पावला.

एव्हाना हिंदळेकर कुटुंब लक्ष्मीबाई नगर सोडून मयूर विहारच्या ‘सह्याद्री’ सोसायटीत राहायला आलं होतं. नाव सह्याद्री असलं तरी जमीन यमुनेची वाळू; टेकडी म्हणून दाखवायला फक्त बिल्डरांचे ढिगारे. निम्मी सोसायटी केंद्र सरकारची, निम्मी नव्या कंपन्यांची. घरोघरी केबल आलं होतं, खाली रंगीत मारुती गाड्या आल्या होत्या. पाणी तेवढं यायचं होतं. नळाची लाइन येणार येणार म्हणत होते. तोपर्यंत बोअरचं पाणी, आणि ते असं खारं की त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. प्यायचं पाणी टँकरचं. टँकर दिसला की जॉइंट सेक्रेटरी आणि जनरल मॅनेजर एकाच रांगेत बादल्या घेऊन उभे राहत. लोकशाहीचं एवढं चांगलं दर्शन संसदेतही होत नसे.

सोसायटीच्या गणपतीचा सेक्रेटरी होता दिलीप, मुंबईचा, नोएडातल्या टीव्हीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कमरेला पेजर, तोंडात ‘कॉन्सेप्ट’. दिल्लीतल्या मराठी मंडळांची त्या वर्षी देखाव्यांची स्पर्धा होती, आणि दिलीपच्या मनात फिरत्या पृथ्वीगोलावर बसलेला गणपती, शेजारी डिश अँटेना असं काहीतरी होतं.

“माझ्याकडे एक देखावा आहे,” सभेत श्यामकांतराव उठून म्हणाले.

“तळी ना?” चारपाच जण एकदमच बोलले, आणि हशा झाला.

पण पृथ्वीगोलाला मोटर हवी होती, आणि तळीला फक्त विटांचा चुरा. विटांच्या चुऱ्याला मयूर विहारात त्या वर्षी तोटा नव्हता. बिनखर्चाची कल्पना म्हटल्यावर सोसायटीला तिच्यात एकाएकी कला दिसू लागली आणि ठराव पास झाला.

श्यामकांतरावांनी अर्जित रजा टाकली. मंडपाबाहेर, उघड्यावर, त्यांनी तुटक्या विटांचा कमरेएवढा कडा उभा केला. त्याखाली कुंभाराकडच्या चिकण मातीचा जाड, उतरता थर. पायथ्याशी सिमेंटची घमेल्याएवढी तळी, तिला काळ्या दगडांची पाळ, पाळीपुढे निळ्या ताडपत्रीचा समुद्र. समुद्रात देवयानीने पोतंभर मीठ घातलं. पन्नाशी उलटलेले गृहस्थ लुंगी वर खोचून चिखलात बसलेले पाहून दिलीप म्हणाला, “श्यामकांतराव, यार, प्लास्टरमध्ये एक पाइप घालून टाकू ना. स्विच दाबला की झरा!”

“पाइप?” श्यामकांतराव असे उठले, की दिलीप दोन पावलं मागे सरला. “पाणी आपलं आपण झिरपून आलं पाहिजे. नाहीतर मग इतकी वर्षं मी काय सांगतोय?”

झिरपायला गोडं पाणी हवं. सोसायटी टँकरचं पाणी विटांवर ओतू देणार नव्हती. म्हणून श्यामकांतरावांनी स्वतःच्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातून तांब्या तांब्या वाचवून गॅलरीत कुंड्यांमागे एक ड्रम भरला. कोणाला सांगितलं नाही. तहान लागली की रजेवर असूनही ऑफिसात जाऊन पीत.

परीक्षणाच्या दिवशी सकाळी टँकर आला नाही. सुमित्राबाईंकडे अख्ख्या सोसायटीच्या मोदकांची उकड. पाणी शोधताना त्यांना कुंड्यांमागे तो ड्रम सापडला. “तुळशीला गोडं पाणी आणि बायकोने उकड काढावी खाऱ्या पाण्यात!” असं म्हणून त्यांनी ड्रम रिकामा केला, आणि भांडं रिकामं ठेवू नये हा त्यांच्या आईचा संस्कार, म्हणून बोअरच्या नळाने काठोकाठ भरून ठेवला. दुपारी श्यामकांतरावांनी तो ड्रम देवाचं तीर्थ न्यावं तसा खाली नेला आणि कड्यावर ओतला.

परीक्षक आल्या विजयालक्ष्मी मॅडम. भूजलाच्या कामात जन्म घालवून निवृत्त झालेल्या. त्यांना बघून तर श्यामकांतरावांना आकाश ठेंगणं झालं. इथे इडली लागणार नव्हती. मॅडमनी थर बघितले, मान डोलावली. कड्याच्या पायथ्याशी मातीवरून थेंब थेंब पाणी तळीत उतरत होतं, पाइपाशिवाय. त्यांनी बोट बुडवून समुद्र चाखला आणि तोंड वाकडं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तळी चाखली.

टाळ्यांसाठी वर झालेले हात तसेच राहिले. “हिंदळेकर,” मॅडम हळूच म्हणाल्या, “हेही खारंच आहे हो.”

श्यामकांतरावांनी ओंजळ भरून प्यायली. मग दुसरी. बोअरची चव मयूर विहारात कोणाला समजावून सांगावी लागत नसे.

“वा!” दिलीप म्हणाला. “समुद्राशेजारी समुद्र!” मंडप हसला. कोणीतरी मागून ‘करायला गेलो गणपती’ इतकंच म्हणालं, बाकीचं सगळ्यांनी मनात म्हटलं. सुमित्राबाई मोदकांचं ताट घेऊन तिथेच उभ्या होत्या. ड्रम कुठला आणि पाणी कुठलं, हे त्यांच्या क्षणात लक्षात आलं. त्यांनी मोदकांचं ताट पदराने झाकलं.

मॅडमना त्या माणसाची दया आली असावी. “मूळ तळी शेवटची कधी पाहिलीत?” त्यांनी विचारलं.

“लग्नाआधी.”

“का? होम टाऊनची एलटीसी असते ना?”

“माझं होम टाऊन पुणे आहे.”

“बदलून घेतलंत?”

“हो. हिचे वडील तेव्हा आजारी असायचे. तिला दर दोन वर्षांनी जाता यावं म्हणून.”

मंडपात आता कोणी हसत नव्हतं. निम्मे लोक सरकारी नोकर होते. होम टाऊन सबंध नोकरीत एकदाच बदलता येतं, पुन्हा नाही, हे त्यांना पाठ होतं. खासगीतल्या लोकांना त्यांनी ते कुजबुजत समजावून सांगितलं. दिलीपने उगाचच पेजर काढून पाहिला. बक्षीस दुसऱ्या कुठल्या मंडळाला गेलं. कोणत्या, ते सह्याद्रीत कोणी विचारलंही नाही.

घरी गेल्यावर श्यामकांतराव म्हणाले, “दार्जिलिंगला थंडी असेल. देवयानीला स्वेटर घ्यायला हवा.” सुमित्राबाईंनी तेव्हा ड्रमचं सांगून टाकलं. रडतच सांगितलं. श्यामकांतराव भडकतील असं त्यांना वाटलं होतं, पण ते एकदम उत्साहात उठून बसले. “म्हणजे रचना चुकली नव्हती! पाणी चुकलं! मला वाटलं, मातीतच मीठ आहे की काय.” बायकोचे डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या पावसाने दिल्ली सोडता सोडता झोडपलं. मंडप गळू लागला, दिलीपने गणपती आपल्या गॅरेजमध्ये हलवला, पोरंबाळं घरात पळाली. कडा मात्र उघड्यावर भिजत राहिला. श्यामकांतराव गॅलरीतून बघत होते. जांभा जसा पितो, तशा विटा पाऊस पीत होत्या. थोड्या वेळाने तळी पाळीवरून ओसंडू लागली.

तेवढ्यात त्यांना खाली सुमित्राबाई दिसल्या. डोक्यावर छत्री, हातात फुलपात्र, साडी घोट्यापर्यंत चिखलात. त्या वाकल्या, तळीत फुलपात्र बुडवलं आणि घटाघटा प्यायल्या. श्यामकांतराव जिने उतरून धावले, छत्री घ्यायचीही शुद्ध राहिली नाही.

“गोड आहे,” सुमित्राबाई म्हणाल्या. “अगदी गोड. तिकिटं काढा. बांबरवाडीची.”

श्यामकांतरावांनी त्यांच्या हातातून फुलपात्र घेतलं, भरलं आणि चाखलं. विटेची चव होती, मातीची होती, आणि त्याखाली बोअरचं मीठ होतंच. विटांत मुरलेलं खारं पाणी इतक्यात कुठून धुऊन निघायला? ते कमी होईल, पण त्याला आणखी पाऊस पडायला हवा. हे बायकोला सांगू नये, एवढी अक्कल त्यांना होती. पण तळीच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

“अगं,” ते अपराध्यासारखे म्हणाले, “खारट आहे अजून.”

सुमित्राबाईंनी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “गावी पोचेपर्यंत होईल गोड.”