भाचीची फी कुणाच्या नावावर

ताई आणि भाऊजी दोघंही इंजिनियर. त्यांची बदली एका धरणाच्या कामावर झाली, आणि तिथे जवळपास धड शाळाच नव्हती. म्हणून माझी भाची बंगळूरला माझ्याकडे राहायला आली. मी एकटा, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याचा फ्लॅट, स्वयंपाकात वरणभात आणि अंड्याच्या पलीकडे मजल नाही. तिसरीतल्या त्या मुलीने आल्या आल्या फ्रिज उघडला आणि विचारलं, "मामा, तू जेवतोस की नुसता जगतोस?"

हळूहळू आमचं जमलं. व्हिडिओ बघून मी वेणी घालायला शिकलो, ती शेजारच्या अक्कांकडून कन्नड शिकली. शाळेची फी मीच भरायचो. भाऊजींनी विषय काढला की म्हणायचो, "राहू द्या हो, मामा आहे मी."

जानेवारीत ऑफिसने करसवलतीची कागदपत्रं मागितली. मुलांच्या शिक्षणाच्या फीवर सूट मिळते एवढं ऐकून होतो. मी ऐटीत शाळेची पावती जोडली, नातं लिहिलं 'भाची'. दोन दिवसांत पावती परत आली. मला काही पटेना. अकाउंट्समध्ये स्वतः गेलो. शाळेला सुट्टी होती, म्हणून भाचीही सोबत होती.

तिथल्या मॅडम वयाने मोठ्या, बोलायला शांत. हिंदीत म्हणाल्या, "सर, स्वतःच्या मुलांचीच फी चालते. भाचीची नाही."

"अहो, पण ती माझ्याकडेच राहते. डबा मी करतो, अभ्यास मी घेतो, वेणी मी घालतो!"

"वेणीवर सूट नाही, सर."

भाचीने मध्येच कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. मला त्यातलं फक्त 'स्वल्प' कळलं. मॅडम खळखळून हसल्या. मामाची वेणी जराशी वाकडी येते, अशी तक्रार होती म्हणे. त्यांनी तिला जवळ ओढलं, मी घातलेली वेणी सोडली आणि नवी घालता घालता मला विचारलं, "हिचे वडील कर भरतात ना? मग फी त्यांनाच भरू द्या. सूट त्यांना मिळेल."

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, वर्षभर मी दुसरं काय म्हणतोय? पोरगी तुझ्याकडे, तिचं आजारपण तू काढतोस, शाळेत तू जातोस. निदान फी तरी मला भरू दे. इथे बसून बाप असल्यासारखं वाटायला नको का मला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांचा भार हलका करतोय, असंच मला वाटत होतं. फी भरताना मलाही फार बरं वाटायचं, ते सोडणं जड गेलं. पण म्हटलं, "बरं, पुढच्या टर्मपासून तुम्ही." पलीकडून ताईचा आवाज आला, "सुटले बाई! रोज माझं डोकं खात होते."

भाची शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवताच म्हणाली, "म्हणजे आता तुझ्याकडे पैसे उरणार. स्केट्स घेऊया?"

रविवारी स्केट्स आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सुसाट निघाली, मी हात पसरून मागे धावतोय, आणि वॉचमन अण्णा ओरडतायत, "निधान, निधान!" सावकाश, सावकाश! ती कुठली ऐकते. शेवटी धाप लागून मीच एका गाडीला टेकून उभा राहिलो.